दाते दोन की तीन

दांडियाबाजारातल्या दुकानात पोरानं
काचेवर मूठभर प्लग ओतले,
खडीसाखरेसारखे.
"मासी, पास-थ्रू लई लो, सहेलुं छे."
सहेलुं आहे, नाही कोण म्हणतं:
तारा आरपार जातात,
रंगांचा क्रम तोंडाशी मोजून घेता येतो.
पण बाहेर उरलेली शेपटं कापायला
क्रिम्परला वेगळं पातं लागतं,
आणि माझा क्रिम्पर बिनपात्याचा,
निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातून
पर्समध्ये चुकून आलेला.

मग चकचकीत पत्र्याचा, शील्डवाला.
त्याला अर्थिंग हवं.
आमच्या घराला अर्थिंग आहे असं सासरे म्हणत,
कुठे आहे ते सांगायचं राहून गेलं.

मी विचारलं, "दाते दोन की तीन?"
पोरगा थांबला.
अखंड तारेला तीन हवेत बाळा,
दोन्ही बाजूंनी कवेत धरणारे.
दोन दात्यांचा असतो बारीक धाग्यांच्या तारेसाठी,
मधोमध घुसतो.
अखंड तारेवर तो घसरतो,
आज दिवा लागतो
आणि दिवाळीनंतर कधीतरी विनाकारण जातो.
टेलिफोनच्या एमडीएफवर मी एकवीस वर्षं जंपर ओढले,
निळा नारिंगी हिरवा तपकिरी राखाडी
झोपेतही म्हणते.

कॅट-सिक्सची तार जाड.
जुन्या प्लगमध्ये तारा शिरल्या तरी
आवरण बाहेरच राहतं,
आणि आवरण चिमटीत दबलं नाही
तर सगळा भार आठ केसांवर.
शेवटी तळाच्या डब्यातून त्यानं काढले,
धूळ पुसून.
दहा घेतले. लागणार दोन.
एकदा दाबलेला प्लग परत उघडत नाही.

तयार केबल मिळत होती, हो.
पण स्लॅबमधलं भोक बोटाएवढं,
प्लग घातलेलं तोंड त्यातून जात नाही.
आधी केबल ओवायची, मग तिला तोंड लावायचं.

विश्वामित्री घरात आली तेव्हा
राउटर खाली होता, माझ्या शिवणयंत्राशेजारी.
दोन्ही गेले.
चार दिवस मी वर राहिले, धाकट्या जाऊकडे,
अकरा वर्षांनी तो जिना चढून.
निरुपमानं खिचडी वाढली, मी भांडी घासली.
बोलणं मेणबत्तीपुरतं,
पाणी कितव्या पायरीवर आहे तेवढ्यापुरतं.
नवा राउटर वरच ठेवायचं ठरलं.
ठरलं म्हणजे मुलांनी पुण्याहून फोनवर ठरवलं.

पांढरा-नारिंगी, नारिंगी,
पांढरा-हिरवा, मग निळा,
पांढरा-निळा, आणि तेव्हा कुठे हिरवा.
हिरव्याची जोडी फोडून मधे निळी बसवतात.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते खटकलं होतं.
आता बोटं आपणहून करतात.
वरचं टोक तिच्या देवघरापाशी बसून केलं,
खालचं माझ्या खिडकीत.
टेस्टरचा छोटा तुकडा तिच्या हातात देऊन आले:
दिवे लागतील तसे आकडे म्हण.

भोकातून आवाज आला,
"एक."
"दोन."
"तीन. चार. पाच."
मग थोडा वेळ काहीच नाही.
"सात," ती म्हणाली. "आठ.
वहिनी, सहा नाही लागला."

चूक वरच्या टोकाला की खालच्या,
हा टेस्टर सांगत नाही.

मी माझं टोक कापलं.
केबल दोन बोटं तोकडी झाली.
नवा प्लग, उजेडाकडे धरून
सहावी तार काचेला टेकलीय ना, दोनदा पाहिलं.
दाबलं. कट्ट झालं.
स्टुलावर चढून भोकाला तोंड लावलं,
"परत म्हण."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"थांबा हं वहिनी, गॅसवर दूध आहे."